बोरीकाठचे सात दिवे

बोरी नदीच्या कोरड्या पात्रात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्या काठावर सोडल्या होत्या, दोन ट्रक पुलाखाली उभे होते आणि माणसं वाळूत गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. पात्राच्या मधोमध केळीचे खांब आडवे टाकून एक लांब रांग केली होती. खांबांना चाकूने खाचा पाडल्या होत्या आणि प्रत्येक खाचेत एक पणती. पन्नास पणत्या, सगळ्या तेलाने भरलेल्या आणि सगळ्या विझलेल्या. प्रत्येकीसमोर पत्र्याचा बिल्ला वाळूत खोचलेला होता. त्यावर आकडा होता.

पन्नास आजारी माणसांच्या गळ्यातही तसेच बिल्ले होते. त्यांत कुंदाचे वडील झुलाल नाना होते. त्यांच्या बिल्ल्यावर छत्तीस लिहिलेलं होतं.

ज्यांचा हा मेळा होता ते बाबा पणत्यांकडे पाठ करून बसले होते. डोळे मिटलेले, मौन. बोलायचं काम त्यांचा शिष्य मगन करत होता आणि ते काम त्याला चांगलं जमत होतं.

"भाविक हो, बाबा दिव्याला हात लावत नाहीत. फुंकर घालत नाहीत. मंत्र म्हणत नाहीत," मगन सांगत होता. "हात तुमचा, वात तुमची, तेल तर तुम्ही घरून आणलेलं. मग बाबा काय करतात? काही करत नाहीत. करणारा वर आहे. ज्याचा दिवा शेवटी जळत राहील त्याचा रोग सरला. त्याने औषधाला शिवायचं नाही. देवाने बरं केल्यावर वर गोळी खाणं म्हणजे जेवण वाढणाऱ्या आईसमोर शेजारणीकडे भाकर मागणं."

लोक हसले. पुढे बसलेल्या एका म्हातारीने कानाला हात लावले.

मग फेऱ्या सुरू झाल्या. एक नंबरचा माणूस काकडा घेऊन निघाला आणि त्याने पन्नासही पणत्या लावल्या. पात्र उजळून निघालं. दोन नंबरची बाई दर दुसऱ्या पणतीपाशी थांबून ती विझवत गेली. तीन नंबरचा दर तिसऱ्या पणतीपाशी थांबला. जळत असली तर विझवली, विझलेली असली तर लावली. चार नंबरचा दर चौथ्या. शेजारून मगन चालत होता आणि आकडे मोठ्याने म्हणत होता, म्हणजे कोणी चुकू नये. दिवे लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते. बघणाऱ्याची नजर ठरत नव्हती. पंचविसाच्या पुढे प्रत्येकाच्या वाट्याला फक्त स्वतःची पणती उरली. माणूस उठायचा, आपल्या पणतीपाशी जायचा आणि जळत असलेला दिवा आपल्याच बोटांनी विझवून मान खाली घालून परत यायचा. एकामागून एक असंच चाललं होतं. विझवणाऱ्याचे नातेवाईक तोंडाला पदर लावत होते.

छत्तीसचा पुकारा झाला. नाना उठले. कुंदाने त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवला. त्यांची पणती विझलेली होती. त्यांनी काकडा टेकवला, वात भुरभुरली आणि धरली.

"लागला," मगन म्हणाला. "छत्तीसचा लागला."

नाना वाळूत बसले आणि लहान मुलासारखे रडले. शेजारी बसलेली कुंदाची आत्या, भिकुबाई, तीही रडली. आणि कुंदा, अमळनेरच्या शाळेत गणित शिकवणारी कुंदा, तीही हात जोडून उभी राहिली. आई गेल्यापासून तिने नानांच्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं नव्हतं.

शेवटी सात दिवे राहिले. त्या सात जणांसमोर एक परडी फिरली. नानांनी खिशातली गोळ्यांची पुडी आणि क्षयरोग केंद्राचं कार्ड काढून परडीत टाकलं. कुंदाचा हात पुढे झाला, पण परडी तोपर्यंत पुढे गेली होती.

*

नानांची सगळी उमर कापसाच्या जिनात गेली होती. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांपाशी उभं राहून नाकातोंडात कापसाची धूळ जायची. म्हणून खोकला सुरू झाला तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. तो क्षयाचा निघाला. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मग गोळ्या. हळूहळू ताप उतरला, भाकरी जाऊ लागली, गाल भरले. डॉक्टर कुंदाला बाजूला घेऊन म्हणाले होते, "आता खरा धोका आहे, बाई. माणसाला बरं वाटतं आणि तो औषध सोडतो. रोग आत तसाच असतो. मग तो परत येतो तेव्हा याच गोळ्यांना जुमानत नाही."

कुंदाला ते पाठ होतं. ती दर रविवारी अमळनेरहून बसने गावी जायची आणि दर रविवारी तेच बोलायची.

"नाना, गोळ्या परत सुरू करू. मी आणल्या आहेत."

"कसाले?" नाना म्हणायचे. "मना दिवा लागना. मीच लावा ना? बठ्ठा गावनी देखं." सगळ्या गावाने पाहिलं, हे ते दर वेळी सांगायचे.

"दिव्याचा आणि छातीचा काय संबंध?"

"तू मास्तरीण शे पोरी, तुले आकडा समजतस. माले बरं वाटस ते माले समजस."

आणि खरंच त्यांना बरं वाटत होतं. हीच पंचाईत होती. ते गोठ्यात जाऊन शेण काढत होते, पारावर बसून हसत होते. गावातले चार लोक त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत होते, बघा, बाबांचा प्रताप. कुंदा बोलू लागली की आत्या मध्ये पडायची. "तुले बाप बरा व्हयेल नको का?" ती विचारायची.

होळीच्या सुमाराला खोकला परत आला. आधी पहाटेचा, मग दिवसभराचा. नाना म्हणाले, गारठा आहे. गारठा गेला, ऊन तापलं, खोकला राहिला. एका रविवारी कुंदा पोचली तेव्हा ते अंगणात बाजेवर पडले होते आणि उशाखाली काहीतरी लपवत होते. तिने ओढून काढलं. रुमाल होता. त्यावर रक्ताचे डाग होते.

ती त्यांच्या पायाशी बसली. शाळेतली भाषा तिच्या तोंडून गळून पडली.

"नाना, गोळ्या ल्या ना. मना करता ल्या."

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात नानांचा जिनातला सोबती उखर्डूभाऊ आला. हा माणूस मटका खेळायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीत त्याला आकडा दिसायचा. गाडीचा नंबर, मेलेल्याचं वय, स्वप्नात आलेल्या म्हशी, सगळं तो लावून पाहायचा. तो बाजेच्या कडेला टेकला आणि नानांना धीर देऊ लागला.

"झुलालभाऊ, तू घाबरू नको. तुना आकडा पक्का शे. मी पारोळाकडे गयथू बाबांना मेळाले. तठे बी तेच दिवा लागनात. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस, छत्तीस, एकोणपन्नास. आठे बी तेच, तठे बी तेच. मी त्या बठ्ठा आकडा मटकाले लावनू."

"लागले?" कुंदाने विचारलं.

"नही. तो मटकावाला चोर शे."

"उखर्डूभाऊ, आकडे पुन्हा सांगा."

त्याने पुन्हा सांगितले. कुंदाने ते मनातल्या मनात मांडून पाहिले. सहावीच्या पुस्तकात हीच ओळ होती. एक एके एक, दोन दुणे चार, तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा. ज्या संख्या कुठल्या तरी संख्येला तिनेच गुणून येतात, त्या वर्गसंख्या. मुलं ती ओळ घोकायची आणि कुंदा ती फळ्यावर लिहायची.

"दोन्ही गावांत तेच आकडे कसे लागले, याचं नवल नाही वाटलं तुम्हाला?"

"नवल कसानं?" उखर्डूभाऊ म्हणाला. "देव काय गावगाव बदलस का?"

"मग लोक तेच बिल्ले मागत नाहीत?"

"मांगतस. पन मगनभाऊ देस नही. म्हणस, देव ज्याले देस त्यालेच."

*

दुसऱ्या दिवशी कुंदाने सहावीच्या मुलांना मैदानात काढलं. चाळीस मुलांना एका ओळीत बसवून एक ते चाळीस असे नंबर दिले आणि खेळ सांगितला. एक नंबरने ओळीतून जायचं आणि प्रत्येकाला टपली मारायची. टपली बसली की बसलेल्याने उठायचं, उभ्याने बसायचं. दोन नंबरने दर दुसऱ्याला टपली मारायची, तीन नंबरने दर तिसऱ्याला, शेवटपर्यंत तसंच. स्वतःची पाळी आली की स्वतःलाही मारून घ्यायची.

टपल्या मारायची परवानगी खुद्द बाईंनी दिल्यावर मुलांना दुसरं काय हवं. मैदानात असा गोंधळ झाला की मुख्याध्यापक व्हरांड्यात येऊन उभे राहिले. शेवटचा नंबर बसला तेव्हा ओळीत सहा मुलं उभी होती. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस, छत्तीस.

"आता सांगा, हेच का उभे राहिले?" कुंदाने विचारलं. तिचा आवाज कोरडा पडला होता. मुलांना वाटलं बाई रागावल्या आहेत.

"बाई, मला तर दोनच टपल्या बसल्या," सदतीस नंबरचा मुलगा म्हणाला. "पहिली एक नंबरची, दुसरी मी स्वतःलाच."

"बरोबर. सदतीस ही मूळ संख्या. तिला एक आणि सदतीस याशिवाय कोणी भागत नाही. एकाने उठवलं, दुसऱ्याने बसवलं."

"मला आठ बसल्या," चोवीस नंबरची शेवंता डोकं चोळत म्हणाली. ती वर्गातली सगळ्यात चौकस मुलगी होती. हिशेब ती बोटांवर करायची आणि तो चुकायचा नाही. "एक, दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, चोवीस. चोवीसला ज्यांनी भाग जातो तेवढेच मारायला आले."

"मग तू खाली का बसलीस?"

शेवंता बोटं जुळवू लागली. "एक आणि चोवीस. दोन आणि बारा. तीन आणि आठ. चार आणि सहा. बाई, सगळे जोडीने येतात. चोवीस एके चोवीस, बारा दुणे चोवीस. जोडीने आले म्हणजे टपल्या सम. उठायचं तितकंच बसायचं."

"आणि छत्तीस?"

"एक आणि छत्तीस, दोन आणि अठरा, तीन आणि बारा, चार आणि नऊ." ती थांबली. "आणि सहा. सहाची जोडी सहाच. तो एकटाच येतो. म्हणून टपल्या नऊ होतात. विषम. म्हणून छत्तीसवाला उभाच राहतो."

कुंदाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं.

*

पुढच्या रविवारी तिने नानांसमोर चिंचोके मांडले. चौकट खेळताना फाशांसाठी फोडतात तसे फोडलेले, एक बाजू पांढरी, एक बाजू काळी. पन्नास चिंचोके काळी बाजू वर करून ओळीत लावले आणि नानांच्या डोळ्यांदेखत उलटवत नेले. शेवटी सात पांढरे राहिले. तेच सात.

"बघा, इथे बाबा नाही, नदी नाही, देवाचं नाव घेतलेलं नाही. तरी छत्तीस पांढरा. उद्या पुन्हा केलं तरी छत्तीस पांढराच. तो बिल्ला कोणाच्याही गळ्यात असता तरी दिवा लागला असता, नाना. म्हशीच्या गळ्यात असता तरी."

नानांनी छत्तिसावा चिंचोका उचलून उलटसुलट करून पाहिला. खोकल्याची उबळ आली, गेली.

"मंग देवनी तो बिल्ला मनाच गळामा का टाका?" त्यांनी विचारलं.

दिवे कसे लागतात ते तिला कळलं होतं, पण पन्नास माणसांतून नानांनाच छत्तीस का मिळाला हे कळलं नव्हतं. ती गप्प बसली आणि तिच्या गप्प बसण्यात नानांना त्यांचं उत्तर मिळालं. त्यांनी डोळे मिटले. आत्याने चिंचोके गोळा करून चुलीपाशी ठेवून दिले.

"बाबानी सांगं, सरधा कमी पडनी," आत्या म्हणाली. "अमावस्याले परत मेळा शे. मी भाऊले लई जास."

कुंदा आरडाओरडा करू शकली असती. तिने केला नाही. नाना तिच्याबरोबर दवाखान्यात येणार नव्हते, पण आत्याबरोबर नदीवर जाणार होते. निदान आपण सोबत असावं, असं तिने ठरवलं.

*

अमावस्येला तीच नदी, तेच खांब, तीच गर्दी. नानांना बैलगाडीत कडबा पसरून त्यावर निजवून आणलं होतं; गाडी उखर्डूभाऊने हाकली होती. या वेळी कुंदा पणत्यांकडे बघत नव्हती. ती मगनच्या मागे जाऊन उभी राहिली.

मगन बिल्ले वाटत होता. त्याच्या खांद्याला दोन पिशव्या होत्या. बिल्ला देण्याआधी तो प्रत्येकाजवळ बसायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि घरच्यासारखी विचारपूस करायचा.

"काय होतंय, अक्का?"

"छातीना रोग व्हता," पारोळ्याच्या रस्त्यावरच्या गावची सुगंधाबाई म्हणाली. तरुण होती, कडेवर मूल होतं. "दवाखानाना गोळ्या चालू शेत. आते बराच आराम शे. ताप नही येस."

"जेवण जातं?"

"जास."

मगनने उजव्या खांद्याच्या पिशवीत हात घातला. सोळा नंबर.

पुढे एक मुलगा होता. पाय मोडला होता, प्लास्टर निघायला आलं होतं. उजवी पिशवी, एकोणपन्नास. त्याच्या पुढे पोटाच्या गाठीने वाळलेली एक म्हातारी, धड बसताही येत नव्हतं. डावी पिशवी, तीस.

नानांनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर हे होतं. ज्यांना डॉक्टरच्या औषधाने उतार पडलाय त्यांनाच वर्गसंख्या. ते बरे दिसणारच, आणि नाव बाबांचं होणार. जे खंगत चाललेत त्यांना बाकीचे आकडे. ते मेले तर लोक म्हणणार, दिवा विझला होता, बाबांना आधीच कळलं होतं. म्हणून मागच्या खेपेला, गाल भरलेल्या, हसऱ्या नानांच्या गळ्यात छत्तीस आला होता.

मगन बैलगाडीपाशी आला. नानांना उबळ आली होती. आत्याने तोंडाशी धरलेल्या पदरावर लाल डाग पडला. मगनने काही विचारलं नाही. डावी पिशवी. अडतीस.

"घ्या नाना, या खेपेला दुसरा आकडा," तो म्हणाला. "बाबांची मर्जी."

आत्याने बिल्ला कपाळाला लावला आणि नानांच्या गळ्यात घातला. कुंदा गाडीत चढली आणि नानांच्या कानाशी वाकली.

"नाना, ऐका. तुमचा दिवा आज विझणार आहे."

आत्याने तिला ढकललं. "जीभ झडी जावो तुनी."

"आत्या, मला बोलू दे. नाना, अडतीसला चौघेच शिवणार. एक नंबरचा लावणार, दोन नंबरचा विझवणार, एकोणीसचा लावणार. मग तुम्ही जाल तेव्हा तो जळत असेल आणि तुम्हालाच तो विझवावा लागेल. तुम्ही मोजा. चारच्या जागी पाच जण शिवले तर मी पुन्हा गोळ्यांचं नाव काढणार नाही."

नानांनी मान तिच्याकडे वळवली. "कोणी सांगं तुले?"

"सहावीच्या पोरांनी. आणि हा आकडा तुम्हाला देवाने दिला नाही. तुम्ही रक्त ओकताना मगनने पाहिलं म्हणून दिला. त्या बाईला बरं वाटतंय म्हणून तिला सोळा दिला. तिचा दिवा लागेल आणि तीही गोळ्या परडीत टाकील. तुमच्यासारख्या."

फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा नानांनी कोपरावर उठून बसायला मदत मागितली.

एक नंबरने सगळे दिवे लावले. नानांनी अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. दोन नंबरने अडतीसची पणती विझवली. अंगठा दुसऱ्या पेरावर. मग तीन गेला, चार गेला, पाच, सहा, सात, आणि अडतीसच्या पणतीला कोणी शिवलं नाही. नाना डोळे ताणून बघत होते. दहा गेला. पंधरा गेला. अंगठा दुसऱ्याच पेरावर होता. एकोणीस नंबरचा म्हातारा आपली पणती करून तेवढंच अंतर पुढे चालत गेला, अडतीसपाशी थांबला आणि काकडा टेकवला.

"तीन," नाना म्हणाले.

मग कोणी नाही. अडतीसचा पुकारा होईपर्यंत कोणी नाही.

कुंदा आणि उखर्डूभाऊने त्यांना दोन्हीकडून धरून नेलं. पणती जळत होती. सगळं पात्र शांत झालं, कारण हा माणूस मागच्या वेळी सातांत होता आणि आज त्याचं काय झालंय ते सगळ्यांना दिसत होतं. मगन पुढे झाला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "जड जातं, भाविक हो. पण विझवावा लागतो. देवाची इच्छा."

"देवनी नही," नाना म्हणाले. "तुनी."

त्यांनी जिभेला बोट लावलं आणि वात चिमटीत धरून विझवली. मग वळले, कुंदाच्या खांद्याला धरून उभे राहिले आणि लोकांना दिसेल असा तो काळा झालेला अंगठा वर केला.

"मी इझाडा. काय व्हयनं? जित्ता शे मी." श्वास पुरेना म्हणून ते थांबले. "मांगे मी लावा व्हता. तवय बी काय व्हयनं नव्हतं. पोरी, सांग याले. बठ्ठा सांग."

कुंदाने सांगितलं. आधी तिला लोकांच्या आवाजावर आवाज चढवून बोलावं लागलं, मग नाही. तिने उरलेल्या दिव्यांपैकी कोणते जळत राहतील ते आधीच म्हणून दाखवलं. उखर्डूभाऊने पारोळ्याचे आकडे सांगून साक्ष दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आकडा खरा ठरला. तिने दोन पिशव्या दाखवायला सांगितलं तेव्हा मगनने त्या छातीशी धरल्या. कोणीतरी ओढल्या. उजवीत सातच बिल्ले मावतील एवढी ती लहान होती, आणि आत एकच शिल्लक होता, पंचवीस. तो द्यायला लायक असा बरा होत आलेला रोगी त्याला सापडला नव्हता, म्हणून पंचविसाची फेरी त्याने स्वतःच मारली होती.

"ही बाई नास्तिक आहे," मगन ओरडला. "बापाच्या जिवावर उठली आहे."

बाबांनी डोळे उघडले नाहीत. पण उठून ट्रककडे जाताना त्यांना वाट बरोबर सापडली.

सगळं पात्र कुंदाच्या बाजूने उठलं, असं काही झालं नाही. निम्मे लोक शिव्या देत निघून गेले. काहींनी मगनच्या थोबाडीत दोन दिल्या आणि त्यातच त्यांचं समाधान झालं. पोटाच्या गाठीच्या म्हातारीचा मुलगा तिला पाठीवर घेऊन कुंदापाशी आला आणि विचारू लागला, "मग आता हिने कुठे जायचं?" आणि बरेच जण ट्रकच्या मागे पळाले. त्यांत सुगंधाबाई होती. तिचा सोळा नंबरचा दिवा मागे जळत होता आणि जाता जाता तिने आपली पुडी परडीत टाकली होती.

"चाल पोरी," नाना म्हणाले. "दवाखानामा चाल."

*

डॉक्टरांनी थुंकी तपासली, पुन्हा तपासली. गोळ्या सुरू केल्या, बदलल्या. नाना एकही गोळी चुकवत नव्हते. मागून घ्यायचे, पाण्याचा तांब्या स्वतः पुढे करायचे. शेजारच्या खाटेवरचा कोणी कंटाळा करू लागला तर त्याला अहिराणीतून झापायचे. पण डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. आतला रोग त्या गोळ्यांना ओळखून होता. आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे, झोके गावात बांधले जात होते त्या दिवसांत ते गेले.

मुलीने सुतकात घराबाहेर पडू नये, असा रिवाज होता. तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर कुंदाने पायात चपला घातल्या. आत्या दारात आडवी उभी राहिली.

"सुतकमा दुसरास्ना घर जातस का? लोके काय म्हणतीन?"

"आत्या, ती बाई बरी दिसतेय अजून," कुंदा म्हणाली. "नाना पण दिसत होते."

आत्या दारातून बाजूला झाली.

पारोळ्याच्या रस्त्यावर बसमधून उतरून कुंदाने सुगंधाबाईचं घर विचारत विचारत शोधलं. ती अंगणात शेंगा निवडत होती. चेहऱ्यावर तुकतुकी होती. कुंदाला बघून तिने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग मोकळं कपाळ आणि विस्कटलेले केस बघून शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"आत येत नाही, मला सुतक आहे," कुंदा कुंपणाबाहेरून म्हणाली. "तुम्ही गोळ्या सोडल्यात?"

"मना दिवा लागना व्हता." सुगंधाबाईने मुलाला जवळ ओढलं. "तुना बाप कसा शेत?"

"परवा गेले."

मूल सुपातल्या शेंगा उडवत होतं.

"सोळाचा दिवा लागणारच होता, ताई. त्याला पाच जण शिवतात. एक, दोन, चार, आठ, सोळा. पाच म्हणजे विषम, म्हणून तो जळतो. तुम्ही आजारी असता तरी, नसता तरी. त्याला तुमची छाती माहीत नाही. तुम्हाला उतार पडला तो गोळ्यांनी पडला आणि गोळ्या सोडल्या तर रोग परत येईल. माझं म्हणून ऐकू नका. चिंचोके मांडा, स्वतः मोजा. मोजता येत नसेल तर मी शिकवते, इथे बाहेर बसून शिकवते. पण मोजणं नंतर झालं तरी चालेल. आधी केंद्रात चला. गोळ्या परत मिळतात, पैसे पडत नाहीत. अमळनेरची बस अजून यायची आहे."